यहेज्केलाचें मंदिर आणि मध्ययुगांतील नकाशे

इसवी सनापूर्वी ५९७ सालीं बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजानें यरुशलेम नगर घेतलें आणि तेथील तरुण राजा यहोयाखीन व त्याच्याबरोबर सरदार, कारागीर, पुरोहित असा मोठा समुदाय बंदिवान करून आपल्या देशीं नेला. त्या बंदिवानांत बूजीचा पुत्र यहेज्केल नांवाचा एक पुरोहित होता. पुरोहिताचें सारें जीवित मंदिराशीं बांधलेलें. आणि ह्या मनुष्याला खबार नांवाच्या कालव्याच्या कांठीं, परक्या भूमींत, मंदिरावांचून दिवस काढावे लागले. दहा-अकरा वर्षांनीं तें मंदिरही बाबिलोनी सैन्यानें जाळून टाकलें. पुढें बंदिवासाच्या पंचविसाव्या वर्षीं, म्हणजे नगर पडल्यानंतर चौदाव्या वर्षीं, यहेज्केलाला एक दृष्टान्त झाला. आपणांस एका अत्युच्च पर्वतावर नेऊन ठेवलें आहे, समोर नगरासारखी एक इमारत आहे, आणि पितळेसारखी कांति असलेला एक पुरुष हातांत तागाची दोरी व मापाची काठी घेऊन वेशीशीं उभा आहे, असें त्याला दिसलें.

त्यानंतर कित्येक पानें हा पुरुष नुसतीं मापें घेत जातो. भिंत मोजतो, उंबरठा मोजतो, देवड्या, खांब, ओसरी, अंगण, सारें मोजतो. आणि संदेष्टा पाठोपाठ चालत तीं मापें सांगत राहतो. बायबलाच्या जुन्या करारांत यहेज्केलाच्या ग्रंथाचा चाळिसावा व त्यापुढील अध्याय उघडला म्हणजे वाचक बुचकळ्यांत पडतो, तो ह्यामुळेंच. ह्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायांत चार मुखांचे प्राणी आणि चाकांत चाक असलेला रथ ह्यांचा जो दृष्टान्त आहे, तो चित्रकारांच्या आवडीचा. तेथें वीज आहे, अग्नि आहे, पंखांचा महानाद आहे. येथें मात्र हिशेब आहे. भक्तिभावानें वाचणारा मनुष्य अशा ठिकाणीं पानें उलटून पुढें जातो. परंतु मध्ययुगीन युरोपांत कांहीं माणसें अशीं निघालीं, कीं त्यांनीं पानें उलटलीं नाहींत. त्यांनीं लेखणी, पट्टी व कंपास हातीं घेतला आणि संदेष्ट्याच्या शब्दांवरून त्या इमारतीचे नकाशे काढले.

नकाशा काढल्याखेरीज हे अध्याय कळणें कसें अशक्य आहे, हें एका वेशीच्या उदाहरणावरून सहज ध्यानांत येईल. दृष्टान्तांतील काठी सहा हात लांबीची आहे, आणि तो हात नेहमींचा नव्हे. नेहमींच्या हाताहून चार बोटें मोठा. म्हणजे काठी सुमारें दहा फुटांची झाली. वेशीची लांबी पन्नास हात व रुंदी पंचवीस हात सांगितली आहे. आंत दोन्ही बाजूंना तीन-तीन देवड्या, प्रत्येक एक काठी लांब व एक काठी रुंद. देवडी-देवडींमध्यें पांच हातांचें अंतर. दोन उंबरठे एकेक काठीचे. आठ हातांची ओसरी आणि दोन हातांचे खांब. आतां बेरीज करावी. तीन देवड्यांचे अठरा, मधल्या दोन अंतरांचे दहा, दोन उंबरठ्यांचे बारा, ओसरीचे आठ, खांबांचे दोन, बरोबर पन्नास. रुंदीचेंही तसेंच. मधला मार्ग तेरा हात आणि दोन बाजूंच्या देवड्या सहा-सहा हात, मिळून पंचवीस. ज्याला हा मजकूर निव्वळ स्वप्नरंजन वाटत होता, तो ही बेरीज मांडून पाहतांच थबकतो. बाहेरची वेस, बाहेरचें अंगण, आंतली वेस, आंतलें अंगण असा उत्तरेकडून दक्षिणेकडे हिशेब केला, तर पन्नास, शंभर, पन्नास, शंभर, पन्नास, शंभर, पन्नास असे मिळून नेमके पांचशें हात भरतात.

परंतु सगळींच मापें अशीं सरळ नाहींत. त्याच वेशीचे खांब साठ हातांचे म्हटले आहेत, आणि बाहेरचा तट तर एकच काठी उंच आहे! पुढें बेचाळिसाव्या अध्यायांत सभोंवारची जागा प्रत्येक बाजूस पांचशें काठ्या मोजली, असें हिब्रू व लॅटिन पाठांत आहे. ग्रीक भाषांतरांत तेथें हात आहेत. पांचशें हात म्हणजे साडेआठशें फुटांच्या आसपास. पांचशें काठ्या म्हणजे जवळ जवळ एक मैल. अशा जागीं कोणता पाठ धरावा? शिवाय मोशेच्या नियमशास्त्रांतील यज्ञविधि आणि ह्या मंदिरांतील यज्ञविधि ह्यांचा मेळ बसत नाहीं, ही यहुदी धर्मशास्त्र्यांची निराळीच अडचण होती. ती इतकी मोठी वाटली कीं हा ग्रंथच दृष्टीआड ठेवावा असें घाटत होतें. तेव्हां हनन्या बेन हिज्किया नांवाचा विद्वान् तीनशें घागरी तेल घेऊन माडीवर जाऊन बसला आणि विरोध मिटेपर्यंत खालीं उतरला नाहीं, अशी कथा तालमुदांत आहे. तेल अर्थातच दिव्यासाठीं.

ख्रिस्ती आचार्यांपैकीं जेरोम ह्यानें बेथलेहेम येथें बसून ह्या ग्रंथावर चौदा भागांची टीका लिहिली. ती तो लिहावयास घेतो तोंच, इ. स. ४१० मध्यें, रोम शहर गॉथ लोकांनीं लुटल्याची वार्ता त्याच्या कानीं आली आणि कांहीं काळ त्याची लेखणीच थांबली. मंदिराच्या अध्यायांशीं आल्यावर ह्या महापंडितालाही आपण अंधाऱ्या भुलभुलैयांत शिरत आहों असें वाटलें, व तें त्यानें लपविलें नाहीं. जेरोमनंतर सुमारें १८० वर्षांनीं, ५९३ च्या सुमारास, पोप पहिला ग्रेगरी ह्यानें रोमच्या लोकांपुढें यहेज्केलावर प्रवचनें केलीं. एकंदर बावीस प्रवचनें. त्यांतील शेवटचीं दहा केवळ चाळिसाव्या अध्यायावर आहेत. मापांचा परस्पर मेळ नाहीं, सबब ही इमारत अक्षरशः घेतांच येणार नाहीं, असा निर्णय त्यानें आरंभींच देऊन टाकला. मग काठी म्हणजे धर्मग्रंथ. काठीचे सहा हात म्हणजे कर्ममय जीवन आणि वरचीं चार बोटें म्हणजे ध्यानमय जीवनाचा ह्या लोकीं मिळणारा अल्पसा आस्वाद, अशी त्याची उकल चालते.

आजच्या वाचकाला ही उकल ओढूनताणून केलेली वाटेल. परंतु ती कोणत्या वेळीं केली, हें विसरून चालणार नाहीं. लोंबार्ड लोकांचें सैन्य रोमवर चालून आलें होतें. हात तोडलेलीं माणसें शहरांत परत येत होतीं, कोणी धरून नेल्याच्या, कोणी मारल्याच्या बातम्या रोज येत होत्या. आणि अशा स्थितींत पुढें बोलवत नाहीं, असें सांगून ग्रेगरीनें प्रवचनमाला मध्येंच आटोपती घेतली. ज्या श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचें शहर मोडत होतें, त्यांना खांबांची उंची किती हें सांगण्यापेक्षां न मोडणारें घर कोणतें हें सांगणें त्याला अधिक अगत्याचें वाटलें. त्याबद्दल त्याला दोष देणारा इतिहासकार निष्ठुरच म्हटला पाहिजे. अडचण नंतर झाली. ग्रेगरीचें नांव एवढें मोठें, कीं त्याचा तात्कालिक निर्णय पुढें साडेपांचशें वर्षें कायमचा कायदा होऊन बसला. मंदिराचा अक्षरार्थ नाहींच, मग तो शोधावयाचा कशाला?

हा प्रश्न पुन्हा उघडला तो पॅरिस येथें, बाराव्या शतकांत. सेन नदीच्या डाव्या तीरावर, शहराच्या तटाबाहेर, शांपोच्या विल्यमनें ११०८ सालीं सेंट व्हिक्टर मठाची स्थापना केली होती. ह्या मठांत विद्येची एक विशिष्ट शिस्त होती. तिचा प्रवर्तक ह्यू, मृत्यु ११४१. पाया घातल्याविना घर उभें राहत नाहीं, तसा अक्षरार्थ नीट कळल्याविना गूढार्थ उभा राहत नाहीं, हें त्याच्या शिकवणुकीचें सार. ह्यूनें आपल्या मठबंधूंसाठीं नोहाच्या तारवाचें एक मोठें चित्र योजिलें होतें. तें चित्र आज नाहीं. तें कसें काढावें हें सांगणारें त्याचें पुस्तक मात्र शिल्लक आहे. त्याचा शिष्य अँड्र्यू हा आणखी पुढें गेला. हिब्रू शब्दांचा अर्थ लागेना तेव्हां तो सरळ यहुद्यांना विचारूं लागला, आणि त्यांनीं दिलेलें उत्तर आपल्या टीकेंत नमूद करूं लागला. मठांत हें सर्वांनाच रुचलें असें नाहीं. यशयाच्या ग्रंथांतील एका प्रसिद्ध वचनावर अँड्र्यूनें यहुदी अर्थ दिला व त्याचें खंडन केलें नाहीं, म्हणून त्याच्याच मठांतील रिचर्डनें त्याच्याविरुद्ध एक ग्रंथ लिहिला.

हाच रिचर्ड आपल्या प्रस्तुत विषयाचा नायक. तो जन्मानें स्कॉटलंडचा. ११६२ मध्यें सेंट व्हिक्टरचा प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा अधिकारी झाला आणि ११७३ मध्यें वारला. त्याची मुख्य कीर्ति ध्यानमार्गावरील ग्रंथांमुळें आहे. दान्ते कवीनें त्याला स्वर्गांत, सूर्यलोकांतील ज्ञान्यांच्या मंडळांत जागा दिली आहे. असा हा ध्यानी पुरुष यहेज्केलाच्या मापांकडे कां वळला असावा? त्याचें कारण त्यानें प्रस्तावनेंत दिलें आहे. धर्मग्रंथाचा सरळ अर्थ जुळला म्हणजे पुष्कळांना त्याची गोडी लागते, आणि त्या सरळ अर्थाच्या बळकट जमिनीवर आध्यात्मिक अर्थाची इमारत अधिक भक्कम बसते, असें तो म्हणतो. इतपत ह्यूची शिकवण झाली. परंतु त्यापुढें रिचर्ड जें लिहितो तें धाडसाचें आहे. पूर्वाचार्यांनीं जें सोडून दिलें त्याला हात लावणें म्हणजे त्यांचा अवमान, असें म्हणणाऱ्यांची तो चांगलीच हजेरी घेतो. हे लोक आदराच्या पांघरुणाखालीं आपला आळस झांकतात आणि दुसरा कोणी खपूं लागला कीं त्याची थट्टा करतात, अशा अर्थाचें त्याचें बोलणें आहे. ग्रेगरीविषयीं मात्र तो सांभाळून बोलतो. ग्रेगरीनें ज्या रीतीनें अक्षरार्थ पाहिला त्या रीतीनें तो जुळत नाहीं हें खरें. दुसऱ्या रीतीनें जुळतो कीं काय, एवढेंच आपण पाहूं, अशी त्याची भूमिका. पूज्य पुरुषाशीं मतभेद कसा करावा ह्याचा हा एक उत्तम मासला आहे.

आणि मतभेद सिद्ध करण्यास त्यानें नुसते शब्द वापरले नाहींत. तो इमारत काढूनच दाखवितो. त्याच्या टीकेच्या हस्तलिखितांत एकामागून एक आकृत्या येतात. सर्व मंदिराचा जमिनीवरील आराखडा, एका वेशीचा स्वतंत्र व मोठ्या प्रमाणावर काढलेला आराखडा, मग त्याच वेशीचें दर्शनी रूप आणि बाजूनें दिसणारें रूप. जागोजाग नांवें व मापें लिहिलेलीं. उभारणीच्या चित्रांत गोल कमानी, खिडक्या, खांब व त्यांचीं शिरें हीं अगदीं बाराव्या शतकांतील फ्रान्समधल्या इमारतींसारखीं आहेत. बाबिलोनच्या काळीं काय असेल ह्याची चौकशी त्या काळीं कोणी करीत नसे. पण मापें संदेष्ट्याचीं आहेत.

जेथें मेळ बसत नव्हता तेथें रिचर्डनें युक्ति काय केली? मूळ लॅटिन वाक्यांत ती इमारत पर्वतावर असून दक्षिणेकडे कललेली आहे, अशा अर्थाचा शब्द आहे. इतरांनीं त्यावरून फक्त दिशा घेतली. रिचर्डनें उतार घेतला. मंदिर सपाटीवर नसून डोंगराच्या उतरणीवर आहे, असें एकदां मानलें कीं पुष्कळ गोष्टी निराळ्या दिसूं लागतात. बाहेरच्या वेशीस सात पायऱ्या आणि आंतल्या वेशीस आठ, हें यहेज्केलानें सांगितलेंच होतें. म्हणजे अंगणें एकाहून एक उंच. उतारावरच्या इमारतीची एक बाजू कमी उंच व दुसरी अधिक उंच भरते, हें डोंगराळ मुलखांत घर बांधणाऱ्या कोणासही ठाऊक असतें. म्हणूनच बाजूनें दिसणारी आकृति काढणें त्याला भाग पडलें. जमिनीच्या आराखड्यांत उतार दाखवितां येत नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या काळचे गवंडी व पाथरवट अशा कागदी नकाशांवरून काम करीत नसत. दोरी, खुंट्या व कंपास घेऊन जागेवरच आंखणी होई. नवव्या शतकांतील सेंट गॉल मठाचा चर्मपत्रावरील आराखडा हा एक मोठा अपवाद. आणि विलार द ओनकूर ह्याची प्रसिद्ध चित्रवही १२३० च्या सुमाराची, म्हणजे रिचर्डनंतरची आहे. एकाच इमारतीचा आराखडा, दर्शनी रूप आणि बाजूचें रूप हीं एकत्र ठेवून ती समजावून देण्याची जी पद्धति आज इंजिनिअरिंगच्या कोणत्याही विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीं शिकवितात, तिचीं युरोपांतील फार जुनीं उदाहरणें ह्या टीकेंत सांपडतात. रिचर्ड प्रायर झाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, ११६३ मध्यें, नदीमधील बेटावर नोत्र दाम ह्या महामंदिराच्या बांधकामास आरंभ झाला. परंतु तेथील कारागिरांनीं ह्याच्या आकृत्या पाहिल्या होत्या, किंवा ह्यानें त्यांच्यापासून कांहीं घेतलें, असें समजण्यास आधार नाहीं. रिचर्डला घर बांधावयाचें नव्हतें. त्याला वाक्य समजून घ्यावयाचें होतें.

ज्या शतकांत रिचर्डनें हें केलें, त्याच्या थोडें आधीं पॅरिसपासून फार दूर नसलेल्या त्र्वा शहरांत राशि नांवाने प्रसिद्ध असलेला थोर यहुदी टीकाकार, रब्बी शलोमो बेन इसहाक, ह्याच अध्यायांशीं झगडत होता. जन्म १०४०, मृत्यु ११०५. ओसेर येथील विद्वानांनीं त्याला ह्या मंदिरासंबंधीं प्रश्न विचारले, तेव्हां आपल्या टीकेंत चूक झाली होती व ती शमाया नांवाच्या शिष्याबरोबर बसून पुन्हा तपासली, असें त्यानें मोकळेपणानें कळविलें. त्याच्या टीकेच्या हस्तलिखितांतही आकृत्या आहेत. एकाच मजकुरापुढें दोन धर्मांचे पंडित, एकमेकांपासून कांहीं कोसांवर, एकाच साधनाकडे वळले.

ह्या दोन परंपरा एका पानावर आणण्याचें श्रेय निकोलस ऑफ लायरा ह्या फ्रान्सिस्कन संन्याशाला आहे. तो नॉर्मंडीचा, जन्म १२७० च्या सुमाराचा. त्याच्या जन्मापूर्वींच, १२४२ च्या सुमारास, पॅरिसच्या चौकांत तालमुदाच्या पोथ्या गाड्या भरभरून आणून जाळण्यांत आल्या होत्या. आणि १३०६ सालीं चौथ्या फिलिप राजानें आपल्या राज्यांतून सर्व यहुद्यांना हांकून दिलें. अँड्र्यूला जसें शेजारीं जाऊन विचारतां येत होतें, तसें निकोलसला राहिलें नाहीं. त्यानें हिब्रू शिकून राशिच्या पोथ्या वाचल्या. सबंध बायबलाच्या अक्षरार्थावर त्यानें जी प्रचंड टीका लिहिली, तींत तारू, निवासमंडप, शलमोनाचें मंदिर, यहेज्केलाचे दृष्टान्त ह्या ठिकाणीं आकृत्या घातल्या. आणि कित्येक ठिकाणीं त्या जोडीनें दिल्या आहेत. एक ख्रिस्ती आचार्यांच्या मताप्रमाणें, शेजारीं दुसरी रब्बी सलोमनच्या मताप्रमाणें. निकोलस यहुद्यांचा मित्र होता असें कोणी समजूं नये. त्यांच्या मतांविरुद्ध त्यानें स्वतंत्र लिखाण केलेलें आहे. परंतु ज्या लोकांना राजानें देशांत ठेवलें नाहीं, त्यांच्या पंडिताचें मत त्यानें पानावरून काढलें नाहीं. वाचकाला दोन्ही आकृत्या पाहून मापें ताडून घेण्याची मोकळीक त्यानें ठेवली.

निकोलसची टीका हस्तलिखित रूपानें युरोपभर पसरली. छपाईची कला निघाल्यावर ती लौकरच, १४७१-७२ मध्यें, रोम येथें छापली गेली, आणि १४८१ मध्यें न्यूरेंबर्गच्या आंटोन कोबर्गरनें काढलेल्या आवृत्तींत ह्या आकृत्या लांकडी ठशांनीं छापलेल्या दिसतात. पुढील इतिहास मध्ययुगाबाहेरचा आहे. स्पेनमधील जेज्विट व्हियालपांदो ह्यानें दुसऱ्या फिलिप राजाच्या आश्रयानें १५९६ पासून रोम येथें तीन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. त्यांतील ताम्रपटांवरचीं चित्रें भव्य आहेत, परंतु यहेज्केलाचें मंदिर व शलमोनाचें मंदिर एकच, असें धरून त्यानें सारा घोटाळा करून ठेवला. न्यूटननेंही ह्या मापांवर बरीच वर्षें खर्ची घातलीं व त्याचा मंदिराचा आराखडा त्याच्या मृत्यूनंतर १७२८ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या दोघांचीं नांवें मोठीं म्हणून त्यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. रिचर्डची ही टीका मात्र बरेच दिवस अडगळींत होती. बेरिल स्मॉली ह्या इंग्रज विदुषीनें मध्ययुगांतील बायबलाच्या अभ्यासावर १९४१ मध्यें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यानें सेंट व्हिक्टरच्या मंडळीकडे अभ्यासकांचें लक्ष पुन्हा वेधलें, आणि अलीकडे स्थापत्याचे इतिहासकारही ह्या आकृत्यांकडे वळले आहेत.

सेंट व्हिक्टर मठ फ्रेंच राज्यक्रांतींत बंद झाला व पुढें त्याच्या इमारती पाडून टाकण्यांत आल्या. तेथें प्रथम दारूची मोठी बाजारपेठ झाली आणि विसाव्या शतकांत विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहिल्या. मठाच्या ग्रंथसंग्रहांतील पोथ्या मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत गेल्या. त्यांत रिचर्डच्या ह्या टीकेची एक प्रत आहे. दुसरी एक ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयांत आहे. दोहोंतही वेशीच्या आकृतीवर देवड्यांचीं मापें लिहिलेलीं दिसतात, आणि बाजूच्या चित्रांत जमीन उतरती काढलेली आहे.